चिंचेच्या वावरातली फक्की

लांब पल्ल्याचं पळणं शिकवणाऱ्या माणसाला शर्यतीच्या दिवशी काही काम नसतं. हे मी नोकरीभर लोकांना सांगत आले आणि कुणाला कधी पटलं नाही. कबड्डीचा शिक्षक मैदानाच्या कडेला बसून ओरडतो, खेळाडू बदलतो, मधे वेळ मागून घेतो. आमच्यात तसलं काही नाही. बार झाला की मुली गेल्या. त्या बांधापलीकडे जाणार, झाडाआड जाणार, आणि आपण उन्हात उभं राहून वाट बघायची. सोबत पळायचं नाही, पाणी द्यायचं नाही, अंगाला हात तर लावायचाच नाही. लावला की मुलगी शर्यतीतून बाद. वर्षभर जीव काढून केलेलं सगळं त्या दिवशी दुसऱ्याच्या पायांत असतं.

मी मुळशी तालुक्यातल्या एका कॉलेजात जिमखान्याची शिक्षिका होते, गेल्या वर्षी निवृत्त झाले. कॉलेज घोटावड्याच्या बाजूला, भातखाचरं आणि कारखाने यांच्या मधोमध. माझं माहेर माणदेशातलं आणि बोलणं तिखट. इथली माणसंही त्यात कमी नाहीत, म्हणून जमून गेलं. शहरातल्या कॉलेजांकडे गुळगुळीत लाल ट्रॅक होते, आमच्याकडे कासारसाईच्या धरणाची भिंत आणि शेतांचे बांध. तरी विद्यापीठाच्या संघात आमची एकही मुलगी नाही असं वर्ष क्वचितच गेलं. हे माझं मीच सांगतेय, कारण दुसरं कुणी सांगणार नाही. आमच्या एका प्राचार्यांना तर शेवटपर्यंत वाटायचं की पळायला काय लागतं, दोन पाय असले की झालं.

बाहेरच्यांना वाटतं, पळणं शिकवायचं म्हणजे मुलींना रोज दमेपर्यंत पळवायचं. तसं केलं तर महिन्याभरात सगळ्या लंगडत घरी बसतील. आठवड्यातले बहुतेक दिवस सावकाशच पळायचं असतं. सावकाश म्हणजे किती, तर शेजारणीशी गप्पा मारता येतील इतकं. माझा नियमच होता, बोलत पळा. गप्प झालीस म्हणजे वेग जास्त झाला. धरणाच्या भिंतीवरून मुलींचा घोळका बडबडत पुढे, आणि मागून स्कूटरवर मी. त्यामुळे आसपासच्या गावांत कुणाचं लग्न ठरलं, कुणाचं मोडलं, कुणी कुठलं वावर विकून कुठली गाडी दारात आणली, हे सगळं मला चहाच्या आधी कळायचं. हिंजवडीतले एक साहेब काही दिवस आमच्या मागून पळायला यायचे. मनगटावर हे एवढं घड्याळ. एकदा मला म्हणाले, मॅडम, वॉच म्हणतंय माझी झोप नीट झाली नाही, आज पळू का? मी विचारलं, तुम्हाला स्वतःला काय वाटतंय? ते परत घड्याळात बघायला लागले. मी त्यांना ते काढून ठेवायला सांगितलं, तर दुसऱ्या दिवसापासून साहेबच दिसेनासे झाले.

शर्यतीबद्दल मी मुलींना तीन गोष्टी पढवायचे. आमची मुख्य शर्यत शेतातून, माळावरून होते. वाट कळावी म्हणून जमिनीवर चुन्याच्या भुकटीची पांढरी रेघ मारलेली असते, तिला फक्की म्हणतात. पहिली गोष्ट, नजर समोरच्या फक्कीवर. डावीकडे कोण उभं आहे, उजवीकडे कोण टाळ्या वाजवतंय, ते बघायचं नाही. दुसरी, चुकून वाट सुटलीच तर जिथून सुटली त्याच जागी परत यायचं आणि तिथून पुढे पळायचं. मधेच तिरकं घुसलं तर अंतर कमी होतं आणि पंच बाद करतात. तिसरी गोष्ट माझी खास. इतर शिक्षक दोरीपलीकडून घसा फाटेपर्यंत ओरडत असतात आणि मुलीला त्यातलं काही कळत नाही. माझ्या प्रत्येक मुलीनं स्वतःसाठी एक शब्द निवडायचा. तो मी शर्यतीत एकदाच उच्चारणार, शेवटच्या फेऱ्यात. तो कानावर पडला की राखून ठेवलेलं सगळं बाहेर काढायचं. तोवर मी तोंडाला कुलूप लावून उभी. शब्द काहीही चालायचा. एकीनं आईचं नाव घेतलं होतं, एकीनं मिसळ.

पूनमचा शब्द होता चिंच.

पूनम शेजारच्याच वस्तीवरची. कॉलेजच्या मैदानाला लागून त्यांचं वावर होतं आणि त्याच्या पलीकडच्या बांधावर एक जुनी, डेरेदार चिंच. गावात त्याला चिंचेचं वावरच म्हणायचे. सरावाचा शेवटचा, जोराचा तुकडा आम्ही मैदानापासून त्या झाडापर्यंत पळायचो. झाडाला हात लावायचा आणि सावलीत आडवं व्हायचं. पूनमनं लहानपणापासून तिथं काय काय केलं, ते बोलत पळण्याच्या नियमामुळे मला सगळं पाठ झालं होतं. तिच्या वडिलांना सगळे आप्पा म्हणायचे. कंपनीतल्या कामगारांना खोल्या भाड्यानं दिलेल्या, दारात मोठी गाडी, आणि मानी असे की तहसीलदार आले तरी आप्पा खुर्चीवरून उठायचे नाहीत. लेकीवर मात्र जीव. फक्त त्यांनी तिला बजावून ठेवलं होतं की यंदा विद्यापीठाच्या संघात आलीस तर पुढं खुशाल पळ, नाही आलीस तर हे पळणं बास. पूनमला खेळाडू म्हणून पोलिसात जायचं होतं आणि त्याला विद्यापीठाची निवड ही पहिली पायरी होती. पहिल्या वर्षी ऐन वेळी तिला कावीळ झाली. दुसऱ्या वर्षी ती सातवी आली. संघात पहिल्या सहाच घेतात. हे तिचं शेवटचं वर्ष.

त्या वर्षी शर्यत आमच्याच कॉलेजकडे होती. वाट मैदानातून निघून ओढ्याकाठानं जायची, मग पूनमच्या वावराच्या कोपऱ्याला घासून वळायची आणि बांबूच्या बेटामागून परत मैदानात यायची. असे पाच फेरे. वावराच्या कोपऱ्यावर लाल झेंडा रोवला होता. त्याच्या थोडं पुढे, उंच बांधावर मी उभी. माझ्या दोन मुली पळत होत्या. दुसरी तन्वी, पहिल्या वर्षाची. तिचे वडील नांदेडहून हिंजवडीत नोकरीला आलेले. ती राहायची त्या टॉवरची लिफ्ट कायम बंद असायची आणि ही पोरगी रोज दप्तर घेऊन जिने चढायची, म्हणून तिनं शब्द घेतला होता लिफ्ट.

पहिले तीन फेरे मला स्वप्नासारखे गेले. पूनम सगळ्यांच्या पुढे, आणि नुसती पुढे नाही, मागच्या मुलीला तिची पाठ दिसेनाशी व्हावी इतकी पुढे. खांदे सैल, तोंड मिटलेलं, नजर फक्कीवर. मी मनात म्हटलं, आता फक्त हिला कुणाची दृष्ट लागू नये.

चौथा फेरा सुरू होता तेव्हा वावरात एक छोटा टेम्पो येऊन थांबला. चार-पाच माणसं उतरली. एकानं तिपाईवर मोजणीचं यंत्र उभं केलं, दुसऱ्यानं पोतं फोडलं आणि दोघं जण दोरी धरून फक्की मारायला लागले. आधी वाटलं, आमचीच माणसं वाट नीट करताहेत. मग रेघा सरळ जाऊन काटकोनात वळायला लागल्या. इथं राहणाऱ्या माणसाला तो आराखडा ओळखायला शिकवावं लागत नाही. मधे रस्ता, दोन्हीकडे प्लॉट. बाजूला काळे चष्मे लावलेले दोघं उभे होते. जमीन घेणाऱ्याला आमच्याकडे पार्टी म्हणतात, ती ही पार्टी. आणि त्यांच्याबरोबर पांढऱ्या कपड्यांत, पाठीमागे हात बांधून, आप्पा.

वावर विकलं होतं आणि पूनमला माहीत नव्हतं. माहीत असतं तर ती बोलली असती. आदल्या दिवशी धरणावर पळताना ती चिंचेखाली हुरड्याचा बेत ठरवत होती.

तेवढ्यात ती आलीच. लाल झेंड्यापाशी वळली आणि माझ्या समोरून गेली. नजर फक्कीवर. तिनं काही पाहिलं नव्हतं. एकच फेरा उरला होता. मला वाटलं, खाली उतरावं, ओढा ओलांडून जावं आणि आप्पांना सांगावं की अहो, थोडा वेळ झाडाआड व्हा, माणसं थांबवा. पण मी गेले तर शेवटच्या फेऱ्यात शब्द कोण म्हणणार? दोन पोरी त्या शब्दावर विसंबून पळत होत्या. मी जागची हलले नाही. फक्कीवाला चिंचेपर्यंत गेला होता. त्यानं चुन्याचं फडकं घेतलं आणि खोडाभोवती पांढरा पट्टा ओढला. ते झाड तोडायचं होतं.

मग मला जे आधीच सुचायला हवं होतं ते सुचलं. पूनम फक्की सोडून कुठंही बघायची नाही हे खरं, पण शेवटच्या फेऱ्यात ती एकदा चिंचेकडे बघणार होती. माझा शब्द येण्याच्या आधी ती झाडाकडे नजर टाकायची. सरावात मीच तिला ती सवय लावली होती.

आणि तसंच झालं. ओढ्याकडून ती वर आली, लाल झेंड्यापाशी मान उचलली आणि थांबली. ती क्षणभर तिथंच उभी राहिली, मग फक्की सोडून वावरात शिरली आणि सरळ आप्पांच्या दिशेनं पळत सुटली.

मुख्य पंच मोटरसायकलवरून झेंड्यापाशी आले. कडक माणूस, सगळ्या कॉलेजांचे शिक्षक त्यांना वचकून असायचे. त्यांनी मला विचारलं, तुमच्या मुलीनं शर्यत सोडली का? मी हो म्हटलं असतं तर त्यांनी तिचा क्रमांक तिथंच खोडला असता.

"नाही," मी म्हटलं. "परत येणार आहे ती."

हे मी कशाच्या जोरावर म्हटलं, देव जाणे. मला तिथून एक अक्षर ऐकू येत नव्हतं. पूनम आप्पांसमोर उभी होती, कमरेवर हात, छाती भात्यासारखी वरखाली. आप्पा तिला हातानं मागे फिरायला सांगत होते. ती हलत नव्हती. माझ्या समोरून पहिली मुलगी गेली, दुसरी गेली. दोघींच्या पाठोपाठ तिसरी आणि चौथी जोडीनं गेल्या. मी वावराकडे बघत होते आणि कानांनी पावलं ऐकत होते. पाचवी गेली. तिच्या मागून तन्वी आली, लालबुंद झालेली. पूनम बाहेर होती म्हणजे तन्वी या क्षणी सहावी होती. तिला पळताना तेवढं मोजता येत होतं, ते तिच्या डोळ्यांत दिसत होतं.

"लिफ्ट," मी म्हटलं.

तिनं मान खाली घातली आणि वेग वाढवला. मी माझं काम केलं होतं. आता पूनम आली नाही तर तन्वी संघात, आणि आली तर दोघींपैकी एक बाहेर, हे मला तेव्हा कळत होतं. त्या नोकरीत इतकं वाईट मला दुसऱ्या कुठल्याही क्षणी वाटलं नाही.

सातवी गेली. आणि मी पाहिलं की आप्पा खाली बसले. पांढऱ्या कपड्यांत, मातीत, गुडघ्यांवर. पायाशी असलेली फक्की ते दोन्ही हातांनी पुसत होते. नुसती पायानं विस्कटली नाही, हातानं पुसली, थोडी पुढे सरकून आणखी पुसली. मोजणीवाला आणि पार्टी बघत उभे होते. पूनमनं ते बघितलं आणि वळली.

आता नवी भीती. ती वावराच्या मधोमध होती आणि माझा बांध तिच्या समोर तिरका दिसत होता. तसं सरळ माझ्याकडे आली असती तर बरंच अंतर वाचलं असतं आणि पंचांनी तिथल्या तिथं बाद केलं असतं. ते मोटरसायकलवर बसून तेच बघत होते. मला ओरडून सांगता येत नव्हतं, हुरूप द्यायला ओरडलेलं चालतं, पण वाट दाखवली तर ती बाहेरची मदत झाली असती. मी पदर तोंडात धरून उभी होते. पूनम दोन-चार पावलं तिरकी आली. मग थबकली, मागे फिरली आणि लाल झेंड्याकडे धावली. झेंड्याला वळसा घातला आणि वाटेवर आली. तोवर आठवी मुलगीही पुढे निघून गेली होती.

ती माझ्या जवळ आली. चेहरा घामानं आणि रडण्यानं भिजलेला, गालाला माती. मला शब्द म्हणायचा होता आणि माझ्या तोंडून तो निघेना. ज्या झाडावर आत्ता चुन्याचा पट्टा ओढलाय त्याचं नाव घेऊन या पोरीला कसं पळवायचं? ती माझ्या समोर आली आणि धापा टाकत म्हणाली, "मॅडम, म्हणा की."

"चिंच," मी म्हटलं.

ती गेली. तशी पळताना मी तिला आधी कधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही. बांबूच्या बेटाआधीच तिनं आठव्या मुलीला गाठलं. मग दोघी बेटाआड झाल्या आणि मला काही दिसेना. शेवटची रेघ मैदानात होती, मी बांधावर. तिथून पळत जाऊनही मला वेळेत पोचता आलं नसतं. मी तिथंच उभी राहिले.

आप्पा ओढा ओलांडून वर आले. गुडघ्यांना माती, हात कोपरापर्यंत पांढरे. माझ्याशेजारी येऊन उभे राहिले आणि बेटाकडे बघत बोलायला लागले. आवाज नेहमीचा नव्हता.

"मला वाटलं ती बघायची न्हाई. तुमीच सांगितलंय ना, फक्की सोडून कुटं बघायचं न्हाई. घरात जेवताना बी त्येच सांगायची. म्हणलं, ती पळतीया तवर उरकून घ्यावं. शर्यत झाली की सांगणारच व्हतो. आधी सांगितलं असतं तर पाय चाललं नसतं तिचं."

मला त्यांचा संतापही आला आणि हसूही. माझी शिकवण या माणसानं लेकीपेक्षा जास्त मनावर घेतली होती. पळणाऱ्या पोरीच्या डोळ्यांदेखत तिचं वावर मोजायला काढायचं आणि भरवसा ठेवायचा कशावर, तर मॅडमनी तिला इकडेतिकडे बघू नको म्हणून सांगितलंय यावर. मी त्यांना एवढंच विचारलं, आता काय?

"आता पुसली की," आप्पा म्हणाले.

मैदानाकडून आरडाओरडा ऐकू आला. मग बराच वेळ काहीच नाही. मग आमच्या कॉलेजचा शिपाई पळत येताना दिसला आणि लांबूनच त्यानं एका हाताची पाच बोटं आणि दुसऱ्याचं एक बोट वर केलं. सहावी. पण कोण, ते त्याला त्या धापेत सांगता येईना. आप्पांनी माझा दंड धरला होता. आयुष्यात परक्या बाईला हात न लावणारा माणूस, आपण काय धरलंय हे त्यांना कळतसुद्धा नव्हतं. शिपाई जवळ आला आणि म्हणाला, पूनम. तन्वी सातवी. अगदी रेघेवर.

आप्पा बांधावर मटकन खाली बसले आणि डोक्याला हात लावला. कपाळावर फक्की उमटली.

एका कॉलेजच्या शिक्षकानं तक्रार केलीच, की मुलगी वाट सोडून गेली होती, तिला बाद करा. मुख्य पंचांनी ती ऐकून घेतली आणि म्हणाले, "जिथून गेली तिथूनच आली, मी समोर होतो. सगळ्यांपेक्षा जास्त पळाली ती." तेवढ्यावर विषय संपला. तन्वी त्या दिवशी माझ्याशी बोलली नाही. मी समजूतही घातली नाही, कारण समजूत घालण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. चार दिवसांनी ती धरणावर आपणहून आली आणि म्हणाली, नेक्स्ट इयर माझा वर्ड आधी म्हणायचा. पुढच्या वर्षी ती तिसरी आली.

आता दुसरी गोष्ट. पुढच्याच आठवड्यात मी सकाळी मैदानावर गेले, तर वावरात परत फक्की मारलेली. आधीच्यापेक्षा पांढरीशुभ्र, आणि या वेळी कोपऱ्यांवर खुंट्याही ठोकलेल्या. सौदा मोडलाच नव्हता. आप्पांनी त्या दिवशी जे पुसलं ते फक्त पोरगी परत पळावी म्हणून. माझ्या डोक्याची शीर उठली. लेकीच्या समोर गुडघे टेकून तिला फसवायचं, हे कसलं प्रेम? निवडीचे म्हणून आप्पांनी कॉलेजात पेढे पाठवले होते, तो बॉक्स मी न उघडता शिपायाला देऊन टाकला. पुढं कधी रस्त्यात आप्पा दिसले तर मी स्कूटर न थांबवता जायचे. उन्हाळ्याच्या आत चिंच पडली. पूनम विद्यापीठाकडून खेळून आली, पोलिसातही लागली, पण त्या सबंध हिवाळ्यात ती सरावाला गप्प पळायची. घोळक्यात सगळ्या बोलायच्या, ती नाही. बोलत पळ, असं मी तिला एकदाही म्हटलं नाही. तिला विचारायचं धाडस झालं नाही, कारण तो शब्द म्हणून मीही त्या फसवणुकीत सामील झाले असं मला वाटायचं.

ही गोष्ट मी अशीच ठेवून निवृत्त झाले. मग या उन्हाळ्यात भाचीकडे जाताना हिंजवडीच्या चौकात अडकले. तिथं अडकण्यात नवीन काही नाही. कंपन्यांच्या गाड्या चारी बाजूंनी घुसलेल्या आणि मीही घाईनं गाडी पुढे दामटलेली. काचेवर टकटक झाली. वर्दीतली बाई. मला वाटलं, बसला दंड.

"मॅडम, पांढऱ्या पट्ट्याच्या म्होरं घेतलीया गाडी तुमी," ती म्हणाली आणि हसली. पूनम. अंगानं जरा भरली होती, आवाजाला धार आली होती. तिनं गाडी कडेला लावायला लावली, सोबतीच्या माणसाला चौक सांभाळायला सांगितलं आणि समोरच्या टपरीवरून चहा मागवला. इकडचं तिकडचं झालं. मग मला राहवलं नाही. मी म्हटलं, पूनम, त्या दिवशी आप्पांनी तुला फसवलं आणि मी त्याला हातभार लावला, हे माझ्या मनातून जात नाही.

तिला खरंच नवल वाटलं होतं.

"मला तवाच कळलं व्हतं, मॅडम," ती म्हणाली. "सौदा झाल्याला, पार्टी म्होरं उभी. पुसल्याली फक्की परत मारत्यात, एवढं मला कळत न्हाई व्हय? मी आप्पास्नी म्हणलं, ही फक्की हाय तवर मी पळायची न्हाई. आता पोरगी हटून बसली तर बाप काय करल? दोन थोबाडीत देईल, न्हाईतर बस म्हणंल घरी. आप्पा कुणाम्होरं वाकल्यालं मी जन्मात बघितलं न्हाई. त्या पार्टीच्या देखत ते मातीत बसलं आन् हातानं पुसाय लागलं. खोटं तर खोटं. मग पळू नको तर काय करू?"

मी विचारलं, मग तो हिवाळाभर गप्प का पळायचीस? तर म्हणाली, चिंचेसाठी रडू यायचं, आणि बोलायला गेलं की फुटायचं. आप्पांवर राग कधीच नव्हता. मागं चौकात हॉर्न सुरू झाले, तिच्या सोबत्याला ते आवरेनात. तिनं कप ठेवला, टोपी नीट केली आणि धावत चौकात गेली. अजून तशीच पळते, खांदे सैल सोडून.

दोन दिवसांनी मी आप्पांकडे गेले. घर तेच, आता भोवती इमारती उठल्यात. आप्पा थकलेत, ओसरीवर खुर्चीत बसले होते. इतक्या वर्षांत ज्या बाईनं रस्त्यात साधा नमस्कार केला नाही ती दारात आलेली बघून ते खुर्चीच्या हातांना रेटा देऊन उभे राहिले. मी त्यांच्या हातात पेढ्यांचा बॉक्स ठेवला.

"कशाचं पेढं, मॅडम?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "पूनमच्या निवडीचे. तेव्हा खायचे राहिले होते."